यारीवरचा हात

वैजयंती मॅडम : धागा परत तुटला, धम्मप्रिया. आता एकच प्रयत्न उरलाय. तोही गेला तर या तुकडीतून तुझं नाव काढावं लागेल.

धम्मप्रिया : समोर रुग्ण असला की माझा एक टाका चुकत नाही, मॅडम.

वैजयंती मॅडम : समोर असला की कुणाचाच चुकत नाही.

त्रिंबक : मदी बोलू का? हिचा बाप मी, डबा घिऊन आलोय. त्यो पडद्यावरचा हात मागं का ऱ्हातोय?

वैजयंती मॅडम : बसा काका. रोबो नागपुरात आहे. ही सोलापुरात हात हलवते, ते तिथं पोचून चित्र परत येईपर्यंत पाऊण सेकंद जातो. सरावाला आम्ही मुद्दाम एवढा उशीर ठेवलाय.

धम्मप्रिया : सुई हललेली दिसत नाही, म्हणून मी अजून ओढते. मग दोन्ही हिसके लागोपाठ बसतात.

त्रिंबक : मग ही यारीच की.

वैजयंती मॅडम : यारी म्हणजे?

त्रिंबक : विहीर खांदायची क्रेन. मंद्रूपला बारा वर्सं चालवली. तळातला माणूस मला दिसायचा न्हाय. काठावरच्यानं हात केला की कळायचं. तवर बादली कुटं गेली, कुणाला ठावं.

धम्मप्रिया : बाबा, ही शस्त्रक्रिया आहे. दगडमाती नाही.

त्रिंबक : शहाजीचा पाय बी दगडमाती नव्हता, पोरी.

धम्मप्रिया : शहाजीकाकांचा पाय? तो तुमच्या हातून...? कधी बोलला नाहीत.

त्रिंबक : बादली हलंना वाटलं, अजून ओढली. भरली बादली झुलली आन् तळात हुबा असल्याला शहाजीचा पाय भिंतीला चेंगारला. तवापास्नं थोडं ओढायचं, थांबायचं, बादली डुलायची ऱ्हायली की मग पुढचं.

वैजयंती मॅडम : तीन आठवडे मी हेच सांगतेय हिला.

धम्मप्रिया : थांबले की भीती वाटते. बघणाऱ्याला वाटेल, हिला जमत नाही.

त्रिंबक : वाटू दे की. तोंडानं म्हण, 'गेली... पोचली.' पोचली म्हटल्याबिगर हात हलवायचा न्हाय.

(पडद्यावर सुई रबरी रक्तवाहिनीला टेकते.)

धम्मप्रिया : गेली... पोचली. गेली... पोचली.

वैजयंती मॅडम : घड्याळाकडं बघू नकोस.

धम्मप्रिया : पाच टाके झाले. गेली...

त्रिंबक : थांब. डुलतीया अजून.

धम्मप्रिया : ...पोचली. गाठ बसली, मॅडम.

वैजयंती मॅडम : सहावा, शेवटचा टाका. नागपूर, नळीत पाणी सोडा. अजून सोडा. पूर्ण दाबानं. एक थेंबही गळत नाही. धम्मप्रिया, पुढच्या महिन्यात खऱ्या रुग्णाच्या वेळी तू माझ्या शेजारी बसणार आहेस.

धम्मप्रिया : बाबा, जमलं की मला.

त्रिंबक : बगितलं. लई ग्वाड वाटलं बघ.

वैजयंती मॅडम : काका, पुढच्या तुकडीला हे सांगायला याल?

त्रिंबक : यीन की. शहाजीला बी आणतो. तळातनं कसं वाटतं, त्ये त्योच सांगंल.