जरा खाली, टाचेला

ऐका. पण आधी जरा पुढं सरका. मागं बसलेल्यांच्या पाठीला कोण टेकलंय ते मला इथनं दिसत नाही. सरपंच, तुम्हीपण सरका. भुताला पद कळत नाही.

तर रंगराव ड्रेसर अंधार पडल्यावर सायकलीवर बसला. कुठनं? बाणेवाडीच्या जत्रेचं मटण जेवून. गावाकडं यायला दोन वाटा. एक सडकेची, लांबची. दुसरी करंजओढ्याची, जवळची. मेहुणा म्हणाला, "दाजी, सडकेनं जावा. ओढ्याला यल्लाप्पा बसतो म्हणत्यात."

रंगराव दात कोरत म्हणाला, "जित्ता होता तवा त्याला कुबडीवर मला गाठता आलं नाही. आता काय गाठतोय." आणि निघाला ओढ्यानं.

आता हा यल्लाप्पा कोण? विहिरी पाडणारा गडी. त्यानं पहार उचलली की खडकाला घाम फुटायचा. पण एकदा विहिरीत दरड ढासळली आणि धोंडा पायावर आला. पाय काळा पडला. तालुक्याच्या डॉक्टरनं गुडघ्याखालनं कापला आणि जीव वाचवला. काम चोख. पण पाय कापला म्हणजे संपलं असं नसतं बाबांनो. खरी कसरत पुढंच. जखम धुवायची, पट्टी बदलायची, उरलेला पाय घट्ट बांधून आकाराला आणायचा, माणसाला पुन्हा उभं करायचं. ते काम आलं रंगरावकडं. दवाखान्यात पट्ट्या बांधायची नोकरी त्याची, आणि राहायला यल्लाप्पाच्याच गावात. रोज घरी जाऊन पट्टी बदल, असं डॉक्टरनं बजावलेलं. रंगराव जायचा, मनात आलं की. पट्टी ओली झाली तरी तीच ठेवायचा. वर म्हणायचा, "वास येणारच की. जखम हाय, मोगरा न्हाई."

तोडलेला पायही त्यानंच पुरला. यल्लाप्पाची बायको म्हणाली होती, आमचं हाड हाय, कुत्र्याम्होरं टाकू नका. यानं पोत्यात घातला आणि गावाकडं येता येता ओढ्याकाठी करंजाखाली पुरून टाकला.

आणि मग यल्लाप्पाला खाज सुटली. कुठं? नसलेल्या पायाला. हसताय काय, खरंच सुटते. पाय जातो, खाज जात नाही. रात्र रात्र तळमळायचा बिचारा.

"डाक्टर, टाच खाजतीया." रंगरावला तो डाक्टरच म्हणायचा, इतका मान.

रंगराव म्हणाला, "टाच करंजाखाली पुरलीया. जा की, तिथं जाऊन खाजीव." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसला.

गेला की हो तो. जखम चिघळलेली, अंगात ताप, काखेत कुबडी. सकाळी ओढ्यात पालथा सापडला. नखांत माती.

तर त्याच ओढ्याला रंगराव आला. मागं आवाज. टक. जरा थांबून, टक. त्याला वाटलं, मडगार्ड वाजतंय. उतरला, मडगार्डाला हात लावला. मडगार्ड गप्प. टक. पुन्हा बसला, तर कॅरियर जड. कुणीतरी मागं बसलंय, आणि एका अंगाला कललंय. सायकल सारखी डावीकडं ओढायला लागली.

"डाक्टर," मागनं आवाज आला, अगदी अदबीनं, "पट्टी राहिली."

रंगराव सायकल टाकून पळाला. पळाला तर खरा, पण घोट्याला काहीतरी गुंडाळलं आणि तोंडावर आपटला. बघतो तर पट्टी. ओली, वास मारणारी पट्टी वाटभर पसरलेली, आणि तिचं दुसरं टोक करंजाखाली बसलेल्या यल्लाप्पाच्या अर्ध्या पायाला.

"सोडा की."

रंगराव बसला सोडायला. एक वेढा काढला, खाली दुसरा. दुसरा काढला, खाली आणखी. काढतोय, काढतोय. पट्टीचा ढीग गुडघ्याला लागला, कमरेला लागला. जखम काही येईना.

"ही कालची," यल्लाप्पा सांगतोय. "ही परवाची. ही तुम्ही लग्नाला गेलावता त्या दिवसाची." न बदललेली एकेक पट्टी त्यानं जपून ठेवली होती बघा.

ढीग गळ्याशी आला तसा रंगराव रडायला लागला. "चुकलो यल्लाप्पा. सोड मला."

"सोडतो. खाजवा."

"कुठं?"

"टाचेला."

टाच आहे कुठं? रंगरावनं हवेतच नखं फिरवली.

"जरा खाली."

जरा खाली फिरवली.

"जरा भायेरच्या अंगाला."

आणि ऐका, नखांना टाच लागली. दिसत काही नाही, पण हाताला लागतेय. गार, भेगाळलेली, मातीनं भरलेली. खाजवत राहिला. नखं फुटली तरी खाजवतोय.

यल्लाप्पानं डोळे मिटले. "लई दिवसांनी बरं वाटलं, डाक्टर. आता तुमचा कुठला पुरायचा, सांगा."

आणि पहार पेलणारी ती बोटं रंगरावच्या गुडघ्याखाली आवळली. ड्रेसरच्या खिशात कात्री कायम असते, म्हणून वाचला. पट्टी कापली, हिसका दिला, आणि पोटरीचं कातडं तिथंच ठेवून घर गाठलं.

बायकोनं दिवा लावला. पाय बघितले. पोटरी सोललेली, पण दोन्ही शाबूत. रंगराव हुश्श करून आडवा झाला, आणि खाज सुटली. डावा खाजवला, तिथं नाही. उजवा खाजवला, तिथंही नाही. हात फिरवत फिरवत उजव्या गुडघ्याच्या पलीकडं गेला, मोकळ्या हवेत. तिथं.

यल्लाप्पानं पाय घेतला नाही हो. आपला देऊन टाकला.

डॉक्टरकडं गेला. डॉक्टर म्हणाले, "रंगराव, इथं तर काहीच नाही." "तेच तर साहेब," रंगराव म्हणाला. दवाखान्यातली नवी पोरं तोंडाला रुमाल लावून हसली. आजही बायको रोज रात्री फणी घेऊन हवेत खाजवते, आणि तो म्हणतो, जरा खाली. मला हे सगळं त्यानंच सांगितलं. फुकट नाही सांगितलं, आधी खाजवून घेतलं.

तेव्हा करंजओढ्यानं जाऊ नका. दिवसाउजेडीही नको. कुणी म्हणेल, खाजरा पाय गेला, आता यल्लाप्पा निवांत झाला असेल. अरे, पाय गेला, राग कुठं गेलाय? आणि त्याच्यापाशी द्यायला अजून एक पाय शिल्लक आहे.