पालीच्या वाटेवर गेलेले दोन दिवस

मंडळी,

काशीदच्या लोकांनी आज होड्या काढल्या नाहीत. पालीहून माणसं टेम्पो करून आलीत. बसा. मागे उभ्या असलेल्या बायकांना पुढे जागा द्या. मला बोलायला कधी वेळ लागत नाही, हे तुम्ही जाणता. आज मात्र सकाळपासून पहिलं वाक्य सापडत नाही.

डॉ. शुभदाताई गेल्या. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे, जाड कागदावर वाळवायचे, आणि आईबापाकडून आलेला एखादा दोष बाळाच्या रक्तात आहे का, ते लवकरात लवकर शोधायचं. हे त्यांचं संशोधन. बाळ दिसायला धडधाकट असतं, दोष आत असतो. कुणाला दूधच सोसत नाही. आईचंसुद्धा.

या कामाला या किनाऱ्यावर सगळ्यात मोठा विरोध कुणी केला? मी केला. गावोगाव सभा घेतल्या. आपल्या लेकरांचं रक्त कुठे जातं? कोण ठेवून घेतं? ताईंना पत्र पाठवूनही हेच विचारलं. गरिबांच्या शरीरावर जगात काय काय प्रयोग झाले, ते मी वाचलं होतं. तो प्रश्न चुकीचा नव्हता, हे आजही सांगतो. ताई नागावच्या सभेला येऊन शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. माझी एक अट त्यांनी तिथेच मान्य केली: कुठल्याही बाळाचा आजार तिसऱ्या माणसाला सांगायचा नाही.

मग रोहिणीला मुलगा झाला. रोहिणी इथे बसली आहे, तिला विचारूनच बोलतोय. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, गाव कोणतं? लग्न झालेली आपली मुलगी काय सांगते? सासरचं. तिने पालीजवळचं गाव सांगितलं, आणि बाळाला घेऊन गेली माहेरी, काशीदला. पहिलं बाळंतपण माहेरचंच. यात चुकलं कोण? रोहिणीने खरं तेच सांगितलं, सिस्टरनी सांगितलं तेच लिहिलं.

तपासणीत दोष निघाला. त्या बाळाला दूध म्हणजे विष होतं. कागदावर नंबर नवऱ्याचा; तो ट्रक घेऊन गुजरातेत, फोन लागेना. ताई स्वतः पालीला गेल्या. आईच्या आधी सासूला काही सांगायचं नाही, म्हणून फक्त म्हणाल्या, सुनेला भेटायचंय. सासूने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "भाऊ सांगून गेलेत, रगत नेनाऱ्यांना दारात उभं करायचं न्हाय." वर हेही ऐकवलं, की सटवाईने लिहिलेलं वाचणारी तू कोण?

ते भाऊ म्हणजे मी.

ताईंनी तिथूनच मला फोन केला. म्हणाल्या, या बाईंशी एकदा बोला, फार तातडीचं आहे. मी विचारलं, एवढं काय तातडीचं? त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला नाही सांगता येणार, भाऊ. तुमचीच अट आहे."

मी हसलो. लोकहो, मी हसलो. म्हणालो, आधी माझ्या पत्राचं लेखी उत्तर द्या.

दोन दिवसांनी एका शेजारणीने ताईंना सांगितलं, पोर माहेरी गेलीय. ताई काशीदला पोचल्या आणि बाळाचं दूध थांबवलं. मुलगा वाचला. आज तीन वर्षांचा आहे. वाळूत पळतो, कोंबड्यांच्या मागे लागतो. बोलत मात्र नाही.

हे सगळं रोहिणीकडून कळलं तेव्हा मी ताईंकडे गेलो. विचारलं, हे माझ्या दोन दिवसांमुळे?

"माहीत नाही, भाऊ. दूध लवकर थांबवलेली काही मुलंही नीट बोलत नाहीत. तुमच्या दोन दिवसांनी काय नेलं, ते एका मुलावरून नाही सांगता येत."

मी भांडलो. मला दोषी तरी म्हणा, नाहीतर सोडून तरी द्या. त्यांनी दोन्ही केलं नाही. समोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्या पत्राचं उत्तर राहिलंय. आणि लिहिलं त्यांनी, चार पानं. रक्ताचे कागद कुठे ठेवतात, कोण हात लावतं, कधी नष्ट करतात, सगळं.

मी मागितलेलं उत्तर मला मिळालं, आणि तेव्हापासून मला काही कळेनासं झालंय. अट घातली नसती, तर ताईंनी फोनवर सगळं सांगितलं असतं, मी त्या सासूला समजावलं असतं, दोन दिवस वाचले असते. पण अट नसती, तर ‘हिचं दूध विषारी’ असं गावभर होऊन रोहिणीला घराबाहेर काढलं नसतं, कशावरून? मी बरोबर होतो का? मी चूक होतो का? दोन्ही एकदम असता येतं का? इतकी वर्षं व्यासपीठावर बोललो, पण असा गोंधळ कधी झाला नव्हता. विचारायचं तर ताईंनाच. आणि ताई नाहीत.

आज दारातच रोहिणीने मला गाठलं. तिचे पुन्हा दिवस भरत आलेत. तो दोष याही बाळात असू शकतो, हे तिला ताईंनी समजावून ठेवलंय. तिने एवढंच विचारलं, "भाऊ, आता रगत न्यायला कोन येनार?"

मी तिला आत आणून बसवलं.

आता आपण उभे राहू, दोन मिनिटं कुणी काही बोलणार नाही, मीही नाही. ताईंना मनातून नमस्कार करा. आणि ती दोन मिनिटं संपली, की इथल्या डॉक्टरांनो, सिस्टरांनो, तिच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असेल, त्याने माझ्याकडे येऊ नका. रोहिणी तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसली आहे. तिच्याकडे जा.

उभे राहूया.