आवाज तुह्या आईचा, गाणं माहं

—नाही, बस तू. उभ्यानं भांडू नको, खाली साडीच्या दुकानात आवाज जाते आन् मंग सेठ वर येऊन विचारते, कुलदीपभाऊ, स्टुडिओत कोणती बाई रडून राहिली? बस त्या स्टुलावर. चंचल ना तू? प्रेमलताबाईची पोरगी, सावरगावात दिलेली — हाव, नाकावरूनच ओळखलं. आई गेल्याचं ऐकलं होतं मी. येणारच होतो, पण लग्नाचा सीझन, रोज रेकॉर्डिंग — जाऊ दे. तर तुही तक्रार काय, की तेरवीले तू आईचा व्हिडिओ टाकला, अंगणात बसून गाणं म्हणून राहिली होती तो, आन् दुसऱ्या दिवशी तो उडाला. मीच उडवला. लपवाचं काय त्याच्यात? माह्या चॅनेलचं नाव लिहूनच येते तिथं — कॉपीराइटचा दावा. माहं गाणं तू न विचारता वापरलं, मी दावा ठोकला. माह्या वावरातली संत्री तोडून नेली असती त मी काय तुही आरती ओवाळली असती?

तुमचं नाही म्हणते? आईचं म्हणते? अवं, बायाबायांचं गाणं ते, लग्नात म्हणाचं. त्याले मालक असते का? वाऱ्याले मालक असते का? — काय म्हटलं? कोणाचंच नसंन त तुमचं कसं? वा. आईवर नाही गेली तू, तिले एवढं उलट बोलता येत नव्हतं. मंग ऐक आता, विचारलंच आहे त. मी आधी 'पारंपरिक' असंच लिहिणार होतो, खोटं नाही सांगून राहिलो. पण पारंपरिक लिहिलं की ते साऱ्यांचं होते, संध्याकाळपर्यंत दहा जण उचलते, आन् मले कोणाले अडवता येत नाही. म्हणून लिहिलं — गीत-संगीत, कुलदीप. मले मागं असाच दणका बसला होता ना, एका नागपूरवाल्याची धून घेतली होती मी, थोडीशीच, मधातल्या म्युझिकले. अख्खं चॅनेल बंद पाडाले निघाला होता तो. घरी जाऊन पाय धरले त्याचे, त्याच्या बायकोसमोर. लोक कॉपीराइट पुस्तकात वाचते, मी लाथ खाऊन शिकलो. आन् शिकलो काय? की लाथ खाणारा नाही व्हाचं, मारणारा व्हाचं.

वकिलाले भेटली? सौंसरच्या? काय म्हणे तो — नाही, सांग ना, सांग — जिनं लिहिलं तिचा हक्क, लिहिलं त्या घडीपासून, नोंदणी लागत नाही, लिहून दिल्याबिगर दुसऱ्याचा होत नाही, आन् मेल्यावर साठ वर्षं वारसाचा. बरोबर आहे. मले काय माहीत नाही? शंभर टक्के बरोबर सांगितलं त्यानं. पण साबित कर! तुहा व्हिडिओ कधीचा? आजारपणातला, डोक्याले रुमाल बांधलेला. माहं गाणं त्याच्या आधीचं, माही गायिका पूजा, तिच्या आवाजातलं, साऱ्या जिल्ह्यात वाजून गेलेलं. जज काय पाहीन? पाहीन की एक मरणारी बाई कुलदीपचं हिट गाणं गुणगुणून राहिली. गावही तेच म्हणून राहिलं ना? सावरगावच्या बाया काय म्हणते तुले, नळावर? म्हातारीनं जाता जाता चोरी केली, असंच ना? मान खाली नको घालू. मी नाही म्हटलं तसं. मी फक्त माह्या चॅनेलवरच्या तशा कमेंट खोडल्या नाही.

आन् इथं येऊन, रेकॉर्ड करून, दिलं काय होतं तिनं मले? कच्चा माल. पूजानं गायलं म्हणून चाललं, मी ढोलक टाकली, बासरी टाकली म्हणून चाललं. तिचं त — दुसऱ्या कडव्यात श्वास तुटते, हात हलवला की बांगडी वाजते, मधातच खालून ट्रकचा भोंगा. आन् शब्द काय? 'जामच्या पल्याड चंचल माही नांदते, पुसलं त म्हणते, धुरानं डोळा सांडते.' नागपुरात चंचल कोणाले माहीत? मी तिथं 'लाडकी' केलं. आपल्या जाम नदीचं नाव काढून नुसतं 'नदी' केलं. दोनच शब्द, पण त्याच्यानंच गाणं बाजारात गेलं ना — काय? बांगडी वाजते हे मले कसं आठवते? आठवते. कान आहे माहे, दुकान नाही. — कालच ऐकल्यासारखं सांगून राहिलो म्हणते? कालच कुठं ऐकलं मी — बरं, आहे. आहे माह्याजवळ ती फाईल. तिले उडाली म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यातून रोज फोन करे, भाऊ, माहा आवाज गेला आता, एक बार ऐकवा ना मले तो. मी म्हटलं कम्प्युटर खराब झालं, सारं गेलं. दिली असती त आज ती घेऊन तू वकिलाकडं बसली असती. अशी काय पाहून राहिली? ऐकतो मी कधी कधी. दार लावून. त्या गाण्यानंतर एक ओळ सुचली नाही मले, एक! लोक म्हणते कुलदीपभाऊ, तसंच एक अजून येऊ द्या. कुठून येऊ देऊ?

तिचं अजून काही आहे काय घरात? लिहिलेलं, मोबाइलमधलं? विचारलं आपलं.

ऐकाचं आहे तुले? हात नको जोडू. ऐक, मोठ्या स्पीकरवर ऐक, पेटीत बसल्यासारखा आवाज नाही येणार. ... पाह्य, कसा खणखणीत होता. ... आता तुहं नाव येते. हे. हे ऐकलं? ... ही बांगडी. ... झालं, संपलं, बंद करतो — थांब, हे काय — 'गाण्याखाली नाव माहंच येईन ना भाऊ?' — हे कुठून आलं? नेहमी गाणं संपलं की बंद करतो ना मी. आन् हा 'हाव हाव, येईन ना काकू' म्हणणारा... हाव. मीच.

मोबाइल खाली ठेव. रेकॉर्ड नाही कराचं. इथं टेबलावर ठेव, मले दिसला पाह्यजे. कॉपी पाह्यजे? देतो. आत्ता देतो, पेनड्राइव्हमध्ये. पण त्याच्या आधी लिहून दे, की आईनं गाणं खुशीनं कुलदीपले दिलं, माही काही तक्रार नाही. मंग घरी बसून ऐक ना जिंदगीभर, तुह्या पोराबाळायले ऐकव. नाही? विचार कर. हे पाह्य, माहं बोट कुठं आहे ते पाह्य, डिलीटवर. आईचा असा आवाज दुसरीकडं कुठंच नाही, तुह्या व्हिडिओत नुसती खरखर आहे. सही कर, पोरी. — खोटं नाही लिहिणार? आई म्हणे नाव पाह्यजे म्हणून नाही लिहिणार?

बरं.

झालं. गेलं. आता जा वकिलाकडं, सांग त्याले, एक आवाज होता म्हणाव.

ओरडू नको! — थांब. थांब, आत्ता काय म्हटलं तू? 'आई' म्हटलं ना? परत म्हण. अवं, हाच कंप आहे, तिचाच, वर जाता जाता फाटते तो. सरक त्या माइकजवळ. एकच टेक दे, त्याच गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी टाकतो मी, नाव देईन तुहं, कसम — कुठं चालली? चंचल! ... बरं, जा. दार ओढून घेजो, एसी चालू आहे.