मोठ्या आईला रडवण्याचं काम

तात्यांच्या शोकसभेसाठी इथं जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माझ्या हातात कागद आहे, पण त्यावरची वाक्यं मी सकाळपासून खोडतेय. वाचता येईल असं फारसं उरलेलं नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

तात्या माझे मोठे काका. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली, सिडकोतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत. त्याच खोलीत तुम्ही सगळे दर रविवारी यायचात. आठवड्यात काय वाचलं, काय ऐकलं, काय पाहिलं, ते एकेकानं सांगायचं. पुस्तक असो, नाटक असो, मोबाइलवरचं गाणं असो. चहा मोठी आई करायची, आणि सांगायला तीही बसायची. मोठी आई म्हणजे माझी काकू. ती समोरच बसली आहे.

तुम्हाला आठवतं का, तात्यांनी एकदा काय नियम केला होता? पुरुष नेहमी म्हणायचे, "विचार करायला लावणारं आहे." बायका नेहमी म्हणायच्या, "डोळ्यांत पाणी आलं." तात्या म्हणाले, "आता महिनाभर पुरुषांनी विचार करायचा नाही आणि बायकांनी रडायचं नाही. दुसरं काय झालं ते सांगा."

जाधवकाका, तुम्ही हसताय. तुम्ही त्या दिवशी बापलेकीच्या एका सिनेमाबद्दल सांगत होतात. मग म्हणालात, "पोटात कायतरी कालवलं बघा. पण दुपारी भजीबी लई खाल्ली होती."

मग मोठ्या आईची पाळी आली. रेडिओवर ऐकलेलं एक गाणं होतं. ती म्हणाली, "मला पाणी कधी येतच नव्हतं. सगळ्या म्हणायच्या म्हणून मी म्हणायचे." आपण सगळे हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग काय होतं तुला?" ती म्हणाली, "हात थांबतात. भाजी निवडत असते, अन् हात थांबतात."

हे मी आज का सांगतेय? कारण माझ्यावर एक काम सोपवलंय, आणि ते करावं की नाही हे मला कळत नाही.

तात्या गेल्यापासून मोठी आई रडलेली नाही. दादा, म्हणजे तात्यांचा मुलगा, पहिल्या दिवशी हुंदके देऊन रडला, तर त्याला लोक म्हणाले, "पुरुषासारखा पुरुष तू. तूच असं केल्यावर आईनं कुणाकडं बघायचं?" तो उठला आणि तोंड धुऊन आला. आणि काल कन्नड गावच्या आत्यानं मला बाजूला घेतलं. "हे बघ, तू शिकलेली हायेस. उद्या असं कायतरी बोल की वैनीला रडू फुटलं पाहिजे. लई घट्ट झालीय ती. आतल्या आत कोंडलं तर माणूस जातं गं."

आत्या, मला तुझा राग आला नाही. तू घाबरली आहेस. मीही घाबरले आहे. "व्हय म्हण," तू म्हणालीस, आणि मी हो म्हटलं.

मग मी वाचायला बसले. दुसरं मला काय येतं? एका पुस्तकात होतं, कुणी रडायचं आणि कसं रडायचं हे आपण घरातच शिकतो. मुलगी वेगळं शिकते, मुलगा वेगळं. मला पटलं. मग एका डॉक्टरबाईंचं भाषण ऐकलं. त्या म्हणत होत्या, दुःख बाहेर पडलंच पाहिजे. तेही पटलं. मग एका नाटकाचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, सुरात, आपल्याकडं दारात आल्या आल्या रडतात तशा. मला वाटलं, हे नुसतं करायचं म्हणून आहे. लगेच वाटलं, नाही, यांना खरंच दुःख झालंय. दोन्ही एकदम कसं खरं असेल? हे मी ज्यांना विचारलं असतं, ते तात्याच नाहीत.

मोठ्या आईच्या हातांकडंही मी पाहत राहिले. पण दुखवट्याच्या घरात तिला कुणी काम करू देत नाही. भाजी जावा निवडतात, चहा शेजारणी आणतात. तिचे हात मांडीवर असतात. ते थांबलेत की थांबवलेत, मला सांगता येत नाही.

आज सकाळी मी तिला सरळच विचारलं, "मोठी आई, रडू येत नाही का गं?" ती म्हणाली, "कसं येईल? जो तो माझ्या तोंडाकडं बघायलाय. मला ह्यांची धड आठवणसुद्धा काढता येईना."

मी आज एक आठवण ठरवून आले होते. दवाखान्यातली, तात्या मोठ्या आईबद्दल जे बोलले त्याची. ऐकली तर ती रडेल, हे मला माहीत आहे. पण मी ती सांगणार नाही. हे बरोबर आहे का? खरंच माहीत नाही. उद्या तिला काही त्रास झाला, तर आत्या, तू मला जाब विचार. मोठी आई, ती आठवण माझ्याकडं आहे. तुला हवी असेल तेव्हा मला हाक मार. आपण दोघीच बसू.

आता आपण तात्यांसाठी थोडा वेळ शांत उभं राहू. माझी एक विनंती आहे. अशा वेळी आपण मान खाली घालतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांकडं पाहतो. आज सगळ्यांनी डोळे मिटा. अगदी सगळ्यांनी. दादा, तूही. आत्या, तूसुद्धा. कुणाच्या डोळ्यांत काय आहे, ते आज कुणीच बघू नका.

मोठी आई, आता कुणी बघत नाही.