आवार मी धुतलं होतं

सन्माननीय अध्यक्ष मॅनेजरसाहेब, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले पर्यावरण विभागाचे साहेब, त्यांच्यासोबत आलेल्या वहिनी आणि समोर बसलेल्या कामगार भावाबहिणींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी या कारखान्यात वीस वर्षं झाडू मारते. शाळा दुसरीपर्यंत. भाषण लेकीने लिहून दिलंय, त्यातले अलंकार मी काढून टाकलेत. चहा थांबलाय, वेळ घेत नाही.

आधीचे वक्ते साहेबांना दीपस्तंभ म्हणाले. असतील. मला ते गटारावर वाकलेले माहीत आहेत. आवारातलं पावसाचं पाणी ज्या गटारातून थेट ओढ्यात जातं, त्याची जाळी उचलून रोज आत बघायचे. आम्ही विचारायचो, "साहेब, काही हरवलंय का?" म्हणायचे, "नाही बाई, काही सापडू नये म्हणून बघतो."

चार वर्षांपूर्वी सरकारी तपासणी लागली. मी म्हटलं, पाहुणे येणार, घर कसं लख्ख पाहिजे. सकाळीच मोठा पाईप लावला आणि तेलाची पिंपं ठेवतो ती सगळी जागा धुऊन काढली. फरशीत तोंड दिसत होतं. तपासणीस आले, आवार बघून खूश झाले, मग ओढ्याकडे गेले. तिथून विचारलं, "आठ दिवस पाऊस नाही, मग तुमच्या गटारातून हे पाणी कसलं येतंय?" पाण्यावर तेलाचा तवंग. त्याच ओढ्यावर खाली माझी नणंद भाजी पिकवते. नणंद असली म्हणून काय झालं, भाजी आम्हीच खातो.

केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅनेजरसाहेब, तुम्ही म्हणालात, "कंत्राटी बाई आहे. तिचं नाव लिहा, काढून टाका, विषय संपला." म्हणालात ना? मान हलवू नका, मी दारातच उभी होते. पण साहेबांनी अहवालात लिहिलं, "तेल पाण्याने धुवायचं नाही, भुसा टाकून टिपायचं, हे कामगाराला सांगितलेलं नव्हतं. जबाबदारी माझी." माझं काम टिकलं. त्यांची बढती अडली, ती अडलीच.

आता ऐका, मी उठलेय ते याच्यासाठी. ती ओळ खोटी आहे. मला सांगितलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा तर साहेबांनी स्वतः खाली बसून, भुसा टाकून तेल टिपून दाखवलं. मी मनात म्हटलं, हे शिकलेले, आता मला झाडायला शिकवणार?

केबिनबाहेर आल्यावर मी म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगितलं होतंत की." म्हणाले, "तुमच्या डोक्यात शिरलं नाही, म्हणजे मी सांगितलं नाही. चला, तिसऱ्यांदा सांगतो." आणि मी गेले मुकाट्याने. घरात कमावणारी मी एकटी. चार वर्षं तोंड उघडलं नाही.

उद्यापासून साहेब नाहीत. त्यांच्या फाईलमध्ये एकच ठपका आहे आणि तो माझा आहे. अध्यक्षसाहेब, फाईल बंद करायच्या आधी माझा जबाब त्यात लावा. सही येते मला. मग मला कामावर ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा.

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. इतकी वर्षं बोलले नाही, ते मात्र साहेब, तुम्ही पोटात घाला.