इंपीच केलं म्हणजे काय

हुबळीच्या बसमध्ये स्नेहाच्या पुढच्या बाकावर एक वयस्क बाई आणि त्यांचा काळा कोट घातलेला भाऊ बसले होते.

"श्रीवत्सा, महिला मंडळानं मला इंपीच केलं. अध्यक्षपद गेलं."

"अक्का, इंपीच करणं म्हणजे आरोप ठेवणं. काढून टाकणं नव्हे. आरोप काय ठेवलाय?"

"कुणाला न विचारता घर जळलेल्या लेकुरवाळ्या कुटुंबाला राहायला मंडळाचा हॉल उघडून दिला."

"तू काय उत्तर दिलंस?"

"काहीच नाही. पद गेलं समजून उठून आले."

"अगं, आधी तुझं ऐकून घेतील, मग मतं पडतील."

"सभा अजून चालू असेल?"

"असेल की."

"आणि मी नसले तर त्या लेकरांना आजच बाहेर काढतील."

अक्का दांडा धरून उभ्या राहिल्या.

"कंडक्टर, इल्ले निल्लसरी, इथंच थांबवा! मला परत जायचंय."