दर्शनी भिंत

(केज रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय. पुढच्या भिंतीवर जोरात पाणी मारण्याचा आवाज चालू आहे.)

मोहनराव : ...आणि मी काय त्याला वरून ढकललं का? तूच सांग, चतुराबाई. नवरा तुझा. जन्म रंगाच्या कामात गेला त्याचा, परांचीवर चढायची सवय. पाय घसरला. दुसरा मालक असता तर अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत पोचवलाही नसता.

चतुराबाई : मालक, मी ते बोलाय न्हाई आले.

मोहनराव : कशाला आलीस ते कळतं मला. लेकीचं लग्न तोंडावर आहे, आता हात मोकळा नाही. लग्न पार पडू दे, मग बघू.

अशफाक : मोहनराव, पहिलं तिचं ऐकून घ्या.

मोहनराव : तू तर बोलूच नको बे, अशफाक. मशीन कुणाची? तुझी.

अशफाक : माझीच हाय. पण ती गाड्या धुवायची मशीन हाय. मोटरसायकल, ट्रॅक्टर. खाली हुबं राहून धुवायचं. तुमाला मी बोललो न्हवतो का, तिचा पाईप मागं धक्का मारतो, उंचावर हातात धरायची चीज न्हाई ती? तुमचा मॅनेजर म्हणला, निवृत्तीभाऊला जमतंय सगळं.

मोहनराव : आणि भाडं घेतलंस ना तू?

अशफाक : घेतलं.

मोहनराव : मग झालं तर. उद्या पोलिसांनी इकडं चौकशी केली तर मी म्हणणार, काम अशफाकला दिलं होतं. त्यानं कुणाला वर चढवलं, मला माहीत नाही.

चतुराबाई : आता वर कोण हायत ही माणसं?

मोहनराव : कंपनीची. संभाजीनगरहून आलीत. खरं म्हणजे आधी त्यांनाच विचारलं होतं. त्यांचा साहेब येऊन भिंत बघून गेला. म्हणाला, प्लास्टर जुनं आहे, लांबून हळू पाणी मारावं लागंल. क्रेनचा पाळणा लागंल. पट्टा बांधल्याशिवाय आमचा माणूस चढत नाही. मी म्हटलं, भिंत धुवायचीय का धरण बांधायचंय? दिला घालवून. निवृत्ती हजेरीवर तयार होता.

चतुराबाई : मग आता कावून बोलावलं?

मोहनराव : काय करणार? निवृत्ती पडल्यावर गावातलं एक माणूस चढेना. अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी. व्याह्यांना काय दाखवू?

चतुराबाई : त्यांच्या कमरंला पट्टा हाय.

मोहनराव : असतोच. पडू नये म्हणून.

चतुराबाई : ह्यांच्या न्हवता.

मोहनराव : त्यानं मागितला नाही.

चतुराबाई : कुठं पडले हे? मला कुणी दावलंच न्हाई. आमी आलो तवा गाडीत घातलं व्हतं त्यांना.

मोहनराव : त्या पायरीपाशी. जाऊन काय बघणार? काही दिसायचं नाही आता. बायांनी घासून घासून निघत नव्हतं, मग सकाळी कंपनीच्या माणसांकडूनच पाणी मारून घेतलं. एका फटक्यात फरशी साफ. चांगली आहेत पोरं, तेवढ्याचं वेगळं काही मागितलं नाही.

अशफाक : बस करा, मोहनराव.

मोहनराव : का? विचारलं म्हणून सांगितलं. आता तू नीट ऐक, चतुराबाई. पोलीस जमादार निवृत्तीचा जबाब घेणार आहे. त्यानं एवढंच सांगायचं, घरच्या पत्र्यावर चढलो होतो, तिथून पडलो. मॅनेजरला पाठवलं होतं त्याला हे सांगायला. तर म्हणे, हो नाही की नाही नाही, नुसता आढ्याकडं बघत पडला. मग मीही ठरवलं. तुझा बाळू आज आपल्या पेट्रोल पंपावर आला नाही. मी कळवलंय तिथं, त्याला आता घेऊच नका. बाप काय बोलतो ते बघून पुढचं ठरवू.

चतुराबाई : बाळू बापापाशी बसलाय. हे गेले, मालक. दिस उगवायला गेले. मी तुमचा टेम्पो मागाय आले. दवाखान्याची गाडी दुपारपर्यंत न्हाई म्हणतेत. वडगावला घरी न्यायचंय त्यांना.

मोहनराव : गेला?

चतुराबाई : व्हय.

मोहनराव : डॉक्टर तर म्हणत होते, कमरेखालचं गेलं, पण जिवाला धोका नाही.

अशफाक : रात्री ताप चढला. मग शुद्ध न्हाई आली.

मोहनराव : बस, चतुराबाई. पाणी पी. टेम्पोचं मात्र अवघड आहे. आचाऱ्याची भांडी, किराणा, भाजी, सगळं त्यातच यायचंय. त्यात मग लग्नाचं जेवण... तूच समजून घे.

चतुराबाई : समजलं.

अशफाक : राहू द्या तुमचा टेम्पो. चाँदभाईची पिकअप हाय. केळी उतरवली की निघंल ती. मी वयनीला म्हणलोच व्हतो, तिकडं जाऊ नगा. तर म्हणली, हे त्यांच्या कामावर गेलते, त्यांना सांगाय पायजे.

मोहनराव : बरं झालं, सोय झाली. एक सांग चतुराबाई. जायच्या आधी जमादारापाशी काही बोलला का तो?

चतुराबाई : बोलले. काल सांच्याला आलते जमादार.

मोहनराव : काय बोलला?

चतुराबाई : तुमच्या मॅनेजरनं सांगितलं तेच. घरच्या पत्र्यावर चढलतो, तितून पडलो.

मोहनराव : तू होतीस तिथं?

चतुराबाई : खाटंच्या पायाशी हुबी व्हते. जमादारानं दोनदा इचारलं. म्हणला, निवृत्ती, कुणाला भिऊ नको. हे म्हणले, घरूनच पडलो, साहेब. ते गेल्यावर मी भांडले. म्हणलं, लबाड कावून बोललाव? तर म्हणले, मी आता उठत न्हाई. बाळूची पंपावरची चाकरी तरी ऱ्हाऊ दे.

मोहनराव : अंगठा घेतला का जबाबावर?

चतुराबाई : सही केली. त्यांना सही येत व्हती.

मोहनराव : हं. चांगला माणूस होता.

अशफाक : वयनी, अजून बी येळ हाय. तुमी जमादाराला खरं सांगा. मी बी सांगतो. मशीन कुठं होती, कोण चढलं, सगळं सांगतो. माझं काय व्हायचं ते होऊ द्या.

मोहनराव : सांगा की. मरताना माणूस खोटं बोलला, असं त्याची बायको म्हणणार का? आणि तुझी मशीन होती, हे तुझ्याच तोंडानं येईल, अशफाक. घरी पाच पोटं आहेत तुझ्या. माझा वकील बीडचा आहे, एवढं ध्यानात ठेव.

अशफाक : वयनी?

चतुराबाई : न्हाई, अशफाकभाई. मेल्यावर त्यांना लबाड कशाला ठरवू? आन् तुमाला कशाला गुतवू?

मोहनराव : शहाणी आहेस. मी पंपावर फोन करतो. बाळूला म्हणावं, तेरावं झालं की कामावर ये.

चतुराबाई : आमच्यात तेरावं नसतं. जलदान आसतंय.

मोहनराव : तेच ते. खरं तर त्याच्या आधीच आला तर बरं. लग्नाच्या गाड्या येतील, पंपावर माणूस कमी पडतो. सांगशील ना त्याला?

चतुराबाई : सांगते. आधी बापाला घरी आणू द्या त्याला.